देव वरून, माणसं खालून

ल्हाक्याबला कुणी काही विचारलं की तो आधी आभाळाकडे बघायचा, मग स्वतःच्या बुटांकडे, मग चहा ओतून घ्यायचा. तोवर विचारणारा दुसऱ्या कुणाला तरी विचारून मोकळा झालेला असे. त्याची बायको यांगझोम म्हणायची, लग्नाला हो म्हणायला या माणसानं अख्खा हिवाळा घेतला. अशा माणसानं जन्मात एकदाच झटकन उत्तर दिलं, आणि ते त्याला चांगलंच महागात पडलं.

ल्हासाची आगगाडी आमच्या पठारावरून न्यायचं ठरलं तेव्हा आधी मोजणीवाले आले. त्यांनी लाल-पांढऱ्या काठ्या रोवल्या. ते गेल्यावर आमच्या लोकांनी त्यातल्या बऱ्याच काठ्या उपटून तंबूच्या कामाला लावल्या, कारण लाकूड आमच्याकडे कुठं मिळतंय. मोजणीवाले परत आले, न रागावता परत काठ्या रोवून गेले. तेव्हाच शहाण्यांनी ओळखलं की ही मंडळी हटायची नाहीत.

पुढं भराव पडायला लागला. तो सरळ आमच्या हिवाळी घरांच्या आणि उन्हाळी कुरणांच्या मधून चालला होता. एके दिवशी एक इंजिनिअर आणि एक दुभाषा ल्हाक्याबच्या दारात येऊन उभे राहिले. इंजिनिअरच्या नाकात नळी होती आणि काखेत हवेनं भरलेली उशी. इथली हवा त्या लोकांना पुरत नसे, म्हणून ते आपापली हवा बरोबर घेऊन हिंडत. म्हाताऱ्यांना याचं फार हसू यायचं.

"तुमची जनावरं उन्हाळ्यात कुठून पलीकडे जातात?" दुभाष्यानं विचारलं. "तिथं पूल बांधायचाय. गाडी वरून जाईल, जनावरं खालून."

"तिथून," ल्हाक्याब म्हणाला, आणि बोट दाखवलं.

आभाळ नाही, बूट नाही, चहा नाही. ओहळाजवळची ती खोलगट जागा त्याच्या आज्याच्या आधीपासून जनावरांची वाट होती. त्यात विचार करण्यासारखं काय होतं? इंजिनिअरनं मान डोलावली. सगळ्या खोऱ्यात बोलबाला झाला की ल्हाक्याबनं बरोबर जागेवर पूल मागून घेतला.

पूल बांधेपर्यंत त्यालाही भरावावर काम मिळालं. काम गवताचं होतं. भराव जिथं पडायचा तिथलं गवत आधी मातीसकट लाद्या कापून काढायचं, बाजूला ठेवून पाणी घालून जगवायचं आणि भराव झाला की त्याच्या उतारावर परत बसवायचं. गवत गेलं की मातीखाली बारमाही असणारा बर्फ वितळतो आणि जमीन खचते, असं इंजिनिअर सांगत. ल्हाक्याबला ते सांगायची गरज नव्हती, पण गवत कापायची त्याला मनापासून लाज वाटायची. म्हणून तो प्रत्येक लादी उचलताना तिची खालची बाजू हातानं सावरून धरायचा. सिचुआनकडचा फान नावाचा मुकादम त्याला चिडवायचा, "अरे, गवत लावतोस की बाळ निजवतोस?" ल्हाक्याब आभाळाकडे बघायचा. पण त्यानं लावलेल्या उतारावर पुढच्या उन्हाळ्यात निळी फुलं आली आणि फानच्या माणसांनी लावलेल्यावर आली नाहीत, हेही खरं आहे.

पूल झाला. रूळ पडले. ल्हाक्याबनं आईला बोलावून आणलं, कौतुकानं. तिचं नाव छिमे, पण सगळं खोरं तिला आमाच म्हणे. वय झालेलं, पाठ वाकलेली, जीभ मात्र सरळ. ती पुलाजवळ आली आणि त्याच्या सावलीच्या अलीकडेच थांबली.

"वर काय आहे?" तिनं विचारलं.

"रूळ."

"रुळावर?"

"गाडी येणार."

"आणि गाडीत?"

"माणसं, आमा. आणखी काय असणार?"

"बसलेली?"

"बसलेली. काही निजलेली पण. लांबचा प्रवास आहे."

"लांबचा प्रवास आहे तर ती माणसं संडासला कुठं जाणार?"

"गाडीतच. पण ते खाली पडत नाही. टाकीत साठवतात म्हणे."

"टाकी कुठं असते?"

इथं ल्हाक्याबला आभाळाकडे बघावंसं वाटलं, पण वर पूल होता. "गाडीच्या खाली," तो म्हणाला.

"म्हणजे वर माणसांची बुडं, त्याच्या खाली टाकी, टाकीच्या खाली रूळ आणि रुळाच्या खाली माझा देव," आमा म्हणाली. "छान जागा दाखवलीस हो."

आणि ती पाठ फिरवून घरी गेली.

आमच्याकडे निजलेल्या माणसाला कुणी ओलांडत नाही. पाहुण्याची टोपी जमिनीवर पडली असेल तर वळसा घालून जातात. पोथी ज्या खोलीत असते तिच्या वर कुणी निजत नाही. हे सगळं ल्हाक्याबला दुधाबरोबर मिळालेलं होतं. इंजिनिअरनं विचारलं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं मेंढ्या होत्या, याक होते, पण देव नव्हता. आता चूक कळली आणि ती त्याला बोचत राहिली, कारण पूल काही उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही.

त्यांच्या घरचा देव एका लाकडी पेटीत असे. आत मूर्ती, पिवळ्या फडक्यात बांधलेली पोथी आणि ल्हाक्याबच्या बापाचा तुपाचा दिवा. वर्षातून दोनदा, मुक्काम हलताना, ती पेटी देवाला सोडलेल्या याकच्या पाठीवर चढे. त्या याकला एरवी ओझं नाही, कातरणं नाही, विकणं नाही, मारणं नाही. कानात तांबडी लोकर, आणि सगळ्या कळपावर दादागिरी. त्याची दोरी आमाच्या हातात. या घरात सून म्हणून आली त्या वर्षापासून ती दोरी दुसऱ्या कुणी धरली नव्हती. नव्या कुरणावर देवानं आधी पाय ठेवायचा, मग घरच्यांनी, मग मेंढरांनी. हा क्रम चुकला की वर्ष वाईट जातं असं आमा म्हणायची, आणि वाईट वर्षांची तिला चांगली ओळख होती.

म्हणून प्रश्न साधा होता. रुळांना दोन्ही बाजूंनी तारेचं कुंपण, म्हणजे वरून ओलांडायची सोय नाही. देव पुलाखालून जाणार नाही, देवाआधी आमा जाणार नाही आणि आमाला इकडे सोडून ल्हाक्याब जाणार नाही. इकडचं गवत तर वसंतातच संपतं.

ल्हाक्याब मठात जाऊन लामांना विचारून आला. लामा म्हणाले, मन शुद्ध असलं की झालं.

"लामांच्या खोलीच्या वर आता पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यात," आमा म्हणाली. "त्यांना सवय झालीय. मला नाही."

शेजारचा बुछुंग मदतीला आला. त्याच्याकडेही देवाचा याक होता आणि मालवाहू गाड्या सुरू झाल्यापासून तो याक दोनदा पुलाखालून गेला होता. "सोपं आहे, आमा," तो म्हणाला. "आम्ही पेटीवर जाड घोंगडी टाकतो. देवाला काही कळतच नाही."

"इतकं पण ज्याला कळत नाही तो देव तू ठेवलायस कशाला?"

बुछुंग चहा न संपवता गेला.

शेवटी ल्हाक्याबलाच सुचलं, आणि सुचायला त्याला सवयीप्रमाणे बराच वेळ लागला. उत्तरेला एक तांबडा डोंगर आहे. तो कुणाचा देव नव्हता, म्हणून त्यातून बोगदा पाडला तेव्हा कुणी फारशी कुरकुर केली नाही. रूळ त्या डोंगराच्या पोटातून निघून मग पुलाकडे येतात. म्हणजे देवाला डोंगराच्या माथ्यावरून पलीकडे नेलं तर त्याच्या डोक्यावर कुणीच नसेल. वाट लांबची होती, वाटेत एक मुक्काम करावा लागणार होता, चढ छातीवर येणारा. पण वाट होती.

"मेंढरं आणि बाकी सगळे पुलाजवळ थांबतील," त्यानं आईला सांगितलं. "आपण देवाला घेऊन माथा ओलांडू. माथा ओलांडला की तिथंच धूप जाळू. धूर दिसला की हे पुलाखालून निघतील. म्हणजे देव आधीच झाला."

आमानं बराच वेळ काही दोष सापडतो का ते पाहिलं. सापडला नाही. "बरं," ती म्हणाली.

योगायोग असा की ते माथ्यावर पोचले त्याच दिवशी माणसांची पहिली गाडी ल्हासाला जाणार होती. स्टेशनावर झेंडे लागले होते. खोऱ्यातले लोक सणाचे कपडे घालून, पोवळ्यांच्या माळा घालून तिकडे गेले होते. बुछुंगनं घोड्यालासुद्धा सजवलं होतं. तांबड्या डोंगरावर मात्र वारा, एक म्हातारी, तिचा मुलगा आणि कानात लोकर घातलेला याक, एवढेच होते. खाली सपाटीवर गाडी दिसली. हिरवी, लांबलचक, आणि वाटलं होतं त्यापेक्षा हळू. ती बोगद्याच्या तोंडाशी आली आणि डब्यामागून डबा आत शिरली.

ल्हाक्याबला मनातून जरा मजा वाटत होती. पूल दाखवल्यापासून आज पहिल्यांदा त्याचा हिशेब बरोबर जुळला होता. "चल आमा," तो म्हणाला. "गाडी खाली, देव वर. आता ओलांडू."

आमानं दोरी ओढून धरली. "थांब. खाली माणसं आहेत."

"म्हणूनच तर."

"ल्हासाला निघालीत ना ती? तिथल्या देवळातल्या जोवो बुद्धाच्या दर्शनाला निघालेले असतील त्यात. कुणाच्या गाठोड्यात देव असेल, कुणाच्या मांडीवर पोथी असेल. त्यांच्या डोक्यावरून मी जनावर नेऊ?"

"आमा, मध्ये अख्खा डोंगर आहे."

"पुलात पण मध्ये सिमेंट होतं."

आमा याकला घेऊन खाली बसली. गाडी दुसऱ्या तोंडातून बाहेर पडली, तिचा शेवटचा डबा उजेडात आला, तेव्हा कुठं उठली. मग माथा ओलांडून तिनं धूप पेटवला. धूर सरळ वर गेला आणि खाली पुलापाशी यांगझोमनं मेंढरं हाकली.

त्यानंतर तो नेमच झाला. वसंतात जाताना आणि शरदात येताना देव डोंगरावरून, बाकीचे पुलाखालून, आणि बोगद्यात गाडी असेल तर ती बाहेर पडेपर्यंत माथ्यावर थांबायचं. खोऱ्यात यावरून बरीच थट्टा व्हायची. बुछुंग म्हणायचा, छिमेआमाचा देव हा एकच देव आहे जो गाडीचं वेळापत्रक पाळतो. ल्हाक्याब ऐकून घ्यायचा. पुलाजवळून येता-जाता मात्र तो भरावाच्या उतारावर वाकून आपल्या लाद्यांचं गवत चाचपून बघायचा. मुळं आता एकमेकांत शिरली होती, जोड ओळखू येत नव्हते.

काही वर्षं अशी गेली. मग एका हिवाळ्यात आमाचे गुडघे गेले. वसंतात मुक्काम हलवायची वेळ आली तेव्हा ती घराच्या दाराशी बसून होती. तिनं याकच्या कानात नवी तांबडी लोकर ओवली, दोरीची गाठ तपासली आणि दोरी मुलाच्या हातात दिली.

"देवाला तू वरून ने," ती म्हणाली. "मी खालून जाते. माझ्या डोक्यावर कुणी बसलं तरी माझं काय बिघडतंय."

ल्हाक्याबला गलबलून आलं. आई पहिल्यांदाच पुलाखालून जाणार होती, आणि ती पुलाची जागा त्यानंच दाखवली होती.

"धूर दिसल्याशिवाय आम्ही हलणार नाही," आमानं बजावलं. "देव आधी."

त्या वर्षी थंडी लांबली होती. अलीकडचं गवत खरवडून संपलं होतं, कोकरं उशिरा झाली होती आणि पायांवर नीट उभी पण राहत नव्हती. यांगझोमनं नवऱ्याला मेंढरांआड गाठलं.

"ऐक माझं. डोंगरावर जाऊ नकोस. टेकडीआड थांब जरा वेळ. आमाला मी आधी पार करते, मग तू मागून याक पुलाखालून आण. तिला आता दहा पावलांपलीकडचं दिसत नाही."

"आणि धूर?"

"धूर दिसला असं मीच सांगेन. ही कोकरं मेली तर देव येणार आहे का दूध पाजायला?"

ती काही वाईट बाई नव्हती. कोकरं तिनं रात्र रात्र पोटाशी धरून जगवली होती. ल्हाक्याबनं आभाळाकडे बघितलं, बुटांकडे बघितलं. चहा जवळ नव्हता. मग तो याकला घेऊन उत्तरेच्या वाटेला लागला. यांगझोम पाठीमागून काहीतरी बोलली, ते वाऱ्यात विरून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माथ्याखाली पोचला तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. लांबवर पुलाजवळ काळा ठिपका दिसत होता, तीच त्याची माणसं आणि मेंढरं. वाऱ्यात मात्र बर्फाचा वास होता आणि पश्चिमेकडे ढगांची भिंत उभी राहत होती. आताच्या आता माथा ओलांडला, धूप पेटवला, तर दुपारच्या आत कोकरं पलीकडच्या आडोशाला पोचली असती. त्यानं खाली बघितलं. ल्हासाची गाडी बोगद्यात शिरत होती.

तो बसला. गाडी बाहेर येईल, मग जाऊ.

गाडी बाहेर आली नाही. काय झालं ते त्याला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही कुणी सांगितलं नाही. ती आत शिरली होती एवढं खरं आणि दुसऱ्या तोंडाशी रूळ रिकामे होते. ढग पुढं सरकत होते. याक उठून उभा राहिला, ल्हाक्याबनं त्याला परत बसवला. माथा शंभर पावलांवर होता.

त्याच्या मनात आलं की इथं कुणी नाही. आई नाही, बायको नाही, बुछुंगसुद्धा नाही. खाली डोंगराच्या पोटात अंधारात गाडीभर माणसं बसलीत आणि त्यांच्या डोक्यावरून कुणी गेलं की नाही हे त्यांना या जन्मी कळणार नाही. तिकडे कोकरं मात्र त्याची स्वतःची होती. त्याला आईचा राग आला. देवाचाही आला. तो दोनदा उठला आणि दोनदा बसला. आत कुणीतरी म्हातारी असेल, गाडी का थांबली म्हणून घाबरली असेल, मांडीवरची पोथी घट्ट धरून बसली असेल, हे त्याच्या डोळ्यांपुढून जाईना. तो बसून राहिला.

ढग आले. आधी पूल गेला, मग सपाटी गेली, मग याकच्या पाठीवरची पेटीसुद्धा धूसर झाली. बर्फ पडू लागला. बऱ्याच वेळानं त्याच्या बुटांखाली जमीन थरथरली. खालून गाडीची शीळ आली आणि डब्यांचा आवाज रुळांवरून लांब लांब जात राहिला. शेवटचा डबा दिसायची सोय नव्हती, म्हणून आवाज पूर्ण विरेपर्यंत तो थांबला. मग उठला, याकला ओढत माथा ओलांडला आणि पलीकडे दगडांच्या आडोशाला धूप पेटवला.

धुपाच्या डहाळ्या ओल्या झाल्या होत्या. धूर निघाला, पण वर गेला नाही, जमिनीलाच चिकटून राहिला. त्यानं लोणी टाकलं, सातूचं पीठ टाकलं, टोपीनं वारा घातला. दहा पावलांवरून दिसला नसता असा तो धूर होता. त्याची माणसं आता पुलाच्या अलीकडे बर्फात बसून असणार, आणि आई धुराशिवाय हलणार नव्हती. आपण थांबलो, बरोबर केलं आणि त्यापायी कोकरं मारली, असं त्याला वाटलं, आणि तो रडला. मग याकला घेऊन उताराला लागला. रात्री एका कपारीत दोघं अंगाला अंग लावून पडून राहिले.

सकाळी बर्फ थांबला होता. तो कुरणाच्या कडेला आला आणि जागच्या जागी उभा राहिला. ओढ्याकाठी काळा तंबू उभा होता. त्यातून चुलीचा धूर निघत होता. तंबूच्या आडोशाला कोकरं चिकटून बसली होती. सगळीच्या सगळी नव्हती, पण बरीच होती.

त्याला हायसं वाटलं, आणि पाठोपाठ वाईटही वाटलं. म्हणजे शेवटी आई देवाआधी निघाली. कोकरांसाठी निघाली असेल, त्यात चूक काहीच नाही, पण इतक्या वर्षांचा नेम मोडला आणि तोही आपण वर एकटे बसलेले असताना.

यांगझोम शेणाची टोपली घेऊन बाहेर आली. तिचे डोळे सुजले होते. "माझ्याकडे बघू नकोस," ती म्हणाली. "मी तर धूर दिसत नाही म्हणून डोकं आपटून घ्यायची बाकी होते. आमाच उठली. म्हणाली, चला. तिलाच विचार."

आमा चुलीजवळ बसली होती. डोळे बारीक करून तिनं आधी याक पाहिला, मग पेटी, मग मुलगा.

"धूर दिसला होता का?" ल्हाक्याबनं विचारलं.

"त्या ढगात? धूर कसला, माझा हात मला दिसत नव्हता."

"मग देवाआधी कशी निघालीस?"

"कुठं आधी?" आमा म्हणाली. "ल्हासाची गाडी रोज पुलावरून जाते तेव्हा आपला सकाळचा चहा उकळत असतो. काल चहा उकळला, पिऊन झाला, परत उकळला, तरी गाडी नाही. म्हटलं, बोगद्यात अडकली. गाडी खाली अडकली म्हणजे ल्हाक्याब वर अडकला. मग बर्फात कधीतरी ती आली, पुलावरून धडधडत गेली. म्हटलं, आता तो सुटला. तुला माथा ओलांडायला पुरेल इतका वेळ बसले. एक भांडं चहा आणखी केला. आणि मग निघालो. देव आधी, आम्ही मागून."

यांगझोमनं मध्ये पडून चहाचा वाडगा ल्हाक्याबच्या हातात दिला, तो त्यानं तसाच धरून ठेवला.

"आणि मी गाडीसाठी थांबलोच नसतो तर?" त्यानं विचारलं. "तसाच वरून आलो असतो तर?"

"तर ढग यायच्या आधीच धूर दिसला असता," आमा म्हणाली, आणि याकची दोरी घ्यायला तिनं हात पुढे केला.